वाऱ्याची वाट आणि गाडीचं छप्पर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कविता लिहिणारा माणूस आज स्पोर्ट्स कारच्या छपराविषयी बोलणार, हे ऐकून काहींना नवल वाटेल. मी बीए झालेला माणूस. यंत्रशास्त्राशी माझा संबंध वाचनापुरता. पण या विषयाकडे मला एका शब्दानं ओढलं. तो शब्द म्हणजे ‘टार्गा’. माझा भाचा गाड्यांचा नादी आहे. त्याच्या बोलण्यात हा शब्द वारंवार यायचा. अर्थ विचारला तेव्हा तो म्हणाला, “मामू, ज्या गाडीच्या डोक्यावरचा तेवढा तुकडा काढून ठेवता येतो, पण मागची कमान आणि काच जागेवर राहते, ती टार्गा.” आणि लगेच त्यानं मलाच एक प्रश्न टाकला. “तो तुकडा काढला की तेवढं वजन कमी झालं. मग गाडी जास्त पळायला पाहिजे ना?”

प्रश्न सरळ आहे आणि त्यातलं तर्कशास्त्रही बिनचूक वाटतं. पण खरी हकीकत उलटी आहे. ती का उलटी आहे, हे समजून घेताना वारा, लोखंड आणि आपले कान या तिघांचीही गाठ पडते.

आधी शब्दाचं सांगतो. इटालियन भाषेत टार्गा म्हणजे पाटी, फलक किंवा ढाल. इटलीच्या दक्षिणेला सिसिली नावाचं बेट आहे. तिथल्या डोंगरी रस्त्यांवर व्हिन्चेन्झो फ्लोरिओ या धनिकानं १९०६ साली मोटारींची शर्यत सुरू केली. तिचं नाव ‘टार्गा फ्लोरिओ’. जर्मनीच्या पोर्शे कंपनीच्या गाड्यांनी या शर्यतीत अनेकदा बाजी मारली होती. या कंपनीनं १९६५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आपल्या ९११ या गाडीचा नवा अवतार मांडला, तेव्हा शर्यतीच्या आठवणीनं त्याला ‘टार्गा’ हे नाव दिलं. त्या काळात अमेरिकेत सुरक्षेची चर्चा जोरात होती. गाडी उलटली तर उघड्या गाडीतल्या माणसाचं काय, म्हणून उघड्या गाड्यांवर बंदीच येईल अशी धास्ती कारखानदारांना वाटत होती. पोर्शेनं मधला मार्ग काढला. बसणाऱ्यांच्या पाठीमागं पोलादाची रुंद कमान कायमची उभी केली आणि डोक्यावरचा भाग काढता-घालता येईल असा ठेवला. आभाळही दिसावं आणि गाडी उलटली तर डोकंही वाचावं, असा तो हिशेब होता. पुढं हे नाव इतकं रुळलं, की इतर कंपन्यांच्या अशा गाड्यांनाही लोक टार्गाच म्हणू लागले.

आता वाऱ्याकडे येऊ. आपण म्हणतो गाडी रस्त्यावरून धावते. ते खरंच आहे, पण ती त्याच वेळी हवेतूनही धावत असते. हवा दिसत नाही म्हणून ती अडवत नाही, असं नाही. एक घनमीटर हवेचं वजन सव्वा किलोच्या आसपास भरतं. वेगानं जाणाऱ्या गाडीला दर सेकंदाला अशी कितीतरी हवा बाजूला सारावी लागते. चांगल्या घडणीच्या गाडीत ही हवा बॉनेटवरून चढते, समोरच्या काचेवरून सरकते, छपराला चिकटून मागं जाते आणि शेपटीकडे शक्य तितक्या शांतपणे गाडीचा निरोप घेते. म्हणजे छप्पर हे नुसतं ऊन-पावसापासूनचं झाकण नाही. ती वाऱ्याची वाट आहे.

मधला तुकडा काढला की ही वाट तुटते. समोरच्या काचेच्या वरच्या कडेपाशी हवेच्या पायाखालची जमीनच संपते. काही हवा तशीच पुढं झेप घेते, काही आतल्या खळग्यात कोसळते, मागच्या भिंतीवर आपटते आणि तिथून उलटी फिरते. ओढ्याच्या पात्रात मध्येच डोह लागला की पाणी जसं भोवरे घेतं, तसंच हे. उघड्या गाडीत बसलेल्या माणसाचे केस मागं उडायचे सोडून पुढं, त्याच्याच डोळ्यांवर का येतात, याचं उत्तर इथं आहे. तो वारा समोरून आलेला नसतो, पाठीमागून परतलेला असतो. म्हणूनच अशा गाड्यांत बसणाऱ्यांच्या मागं एक जाळीदार पडदा उभा करतात. मर्सिडीझनं १९८९ सालच्या आपल्या एसएल गाडीत असा पडदा दिला आणि नंतर तो सगळीकडे दिसू लागला. बाजूच्या काचा वर ठेवल्या तरी ही गडबड बरीच कमी होते.

भोवरे तयार करायला शक्ती लागते आणि ती इंजिनाकडूनच जाते. किती जाते, याचा एक ढोबळ हिशेब मांडतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट. आणि त्या अडथळ्यावर मात करायला लागणारी शक्ती घनानं वाढते. वेग दुप्पट झाला की आठपट. एखादी सडपातळ स्पोर्ट्स कार घ्या. ताशी १०० किलोमीटरला तिला नुसती हवा कापायला साधारण दहा अश्वशक्ती पुरतात. २०० ला ऐंशीच्या वर लागतात आणि ३०० ला तर सुमारे २८०. आता समजा, छप्पर काढल्यानं हवेचा अडथळा एक दशांशानं वाढला. प्रत्यक्षात हा आकडा गाडीगणिक वेगळा असतो, पण समजण्यापुरता तेवढा धरू. १०० च्या वेगाला हा जादा खर्च एका अश्वशक्तीचा आहे, म्हणजे जाणवणारही नाही. ३०० च्या वेगाला तो २८ अश्वशक्तींचा होतो. एखाद्या लहान मोटारीच्या निम्म्या इंजिनाएवढा. त्यामुळं जी गाडी बंद छपरानं कशीबशी ३०० गाठते, ती उघडी असताना २९० च्या आसपास दम टाकते.

हे कागदावरचं झालं. प्रत्यक्षातलं एक उदाहरण बुगाटी या फ्रान्समधल्या कंपनीचं आहे. तिच्या व्हेरॉन गाडीची ‘ग्रँड स्पोर्ट’ ही टार्गा आवृत्ती २००८ साली आली. छप्पर बसवलेलं असताना तिची मर्यादा ताशी ४०७ किलोमीटर होती. छप्पर काढल्यावर कंपनीनं ती चारशेच्या बरीच खाली आणून ठेवली. आणि गंमत पुढं आहे. वाटेत अचानक पाऊस आला तर काय, म्हणून या गाडीसोबत छत्रीसारखं उघडणारं एक कापडी छप्पर दिलं होतं. ती छत्री लावल्यावर वेगाची मर्यादा ताशी १३० किलोमीटर! जगातल्या महागड्या गाड्यांपैकी एक, पण छत्री उघडली की तिनंही आपल्यासारखं जपूनच चालायचं.

याच कंपनीचे विक्रमही बोलके आहेत. १२०० अश्वशक्तीच्या बंद व्हेरॉननं २०१० साली ताशी ४३१ किलोमीटरचा वेग नोंदवला. तेवढ्याच शक्तीच्या उघड्या व्हेरॉननं २०१३ साली, त्याच जर्मन चाचणीमार्गावर ४०८.८४ किलोमीटर गाठले. पुढं २०१९ साली ब्रिटिश चालक अँडी वॉलेस यांनी १६०० अश्वशक्तीची बंद शिरॉन ४९०.४८ पर्यंत नेली. २०२४ साली त्यांनीच तेवढ्याच शक्तीची, मुळातच बिनछपराची मिस्ट्राल ४५३.९१ ला पोचवली. या गाड्यांच्या घडणीत इतरही फरक होते, तेव्हा सगळा दोष छपराच्या माथी मारता येणार नाही. पण इंजिन तेवढंच असताना उघडी गाडी दोन्ही वेळा मागं राहिली, एवढं खरं.

मग भाच्याच्या त्या वजनाच्या मुद्द्याचं काय? काढलेला तुकडा काही किलोंचाच असतो. तो घरी ठेवून निघालं तर गाडी तेवढी हलकी होते. पण बहुतेक लोक तो मागच्या डिकीत ठेवतात, म्हणजे वजन गाडीतच राहिलं. फक्त डोक्यावरून पाठीवर आलं. आणि मुख्य गोष्ट अशी, की ज्या गाडीचं छप्पर निघतं ती गाडी तिच्या बंद भावंडापेक्षा बहुधा जडच असते. होंडाची एनएसएक्स ही गाडी १९९० साली बंद छपराची आली. १९९५ साली तिचं निघणाऱ्या छपराचं रूप आलं, तेव्हा जागोजाग मजबुती द्यावी लागली आणि वजन वाढलं. अमेरिकेत १९९९ साली तिची एक खास हलकी आवृत्ती काढली. वजन उतरवण्यासाठी तिथं काय केलं असेल? छप्पर पुन्हा पक्कं केलं.

ही मजबुती कशासाठी, हे घरच्या घरी पाहता येतं. बुटांचा पुठ्ठ्याचा खोका घ्या. झाकण नीट लावून, चिकटपट्टीनं बंद करून दोन्ही टोकांना धरून पिळा. तो दाद देत नाही. आता झाकण काढा आणि तसंच पिळा. खोका लगेच वाकडा होतो. मोटारीचं छप्पर हे त्या खोक्याचं झाकण आहे. रस्त्यावरच्या खड्ड्यात एक चाक गेलं की अख्खी गाडी पिळली जाते. छप्पर असेल तर तो पीळ सगळीकडे वाटला जातो. नसेल तर तो सारा भार खालच्या तळावर येतो. समोरची काच, स्टिअरिंग, आरसा थरथरू लागतात. वळणावर गाडीचं वागणंही बिघडतं. स्प्रिंगा आणि शॉक अॅब्सॉर्बर यांनी मोजून-मापून काम करायचं, तर ते ज्याला जोडलेत तो सांगाडा स्थिर हवा. डळमळत्या टेबलावर ठेवलेला तराजू कितीही उत्तम असला तरी माप बरोबर देईल का? वाऱ्याचा तोटा मोठ्या वेगाला दिसतो, पण हा पिळाचा तोटा ताशी ४० च्या वेगालाही अंगाला जाणवतो.

अमेरिकेची कॉर्वेट ही गाडी म्हणजे या झगड्याचा साठ वर्षांचा लेखी पुरावाच आहे. १९६८ च्या कॉर्वेटमध्ये छपराचे दोन तुकडे निघत आणि मध्ये एक आडवी-उभी पट्टी राहत असे. वरून पाहिलं तर इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी, म्हणून त्याला टी-टॉप म्हणत. ती पट्टी शोभेची नव्हती. तिच्याविना गाडीचं अंग पिळलं जात होतं. १९८४ च्या कॉर्वेटमध्ये अभियंत्यांनी ही पट्टी काढून एकसंध तुकडा द्यायचं ठरवलं. त्याची भरपाई म्हणून दारांखालचे उंबरठे एवढे उंच आणि जाड करावे लागले, की गाडीत शिरताना अक्षरशः पाय उचलून आत टाकावा लागे. शिवाय छपराचा तो तुकडा चार बोल्टांनी आवळलेला असे. संध्याकाळी जरा वारा खावा म्हटलं, तर आधी पाना शोधायचा!

१९९७ च्या नव्या कॉर्वेटमध्ये हे बदललं. गाडीच्या मधोमध जाणारा बोगद्यासारखा कणा आणि बाजूच्या लांब तुळया हाच मुख्य आधार झाला. छपराचा तुकडा मग साध्या खिट्ट्यांवर आला, हत्यारांशिवाय निघू लागला. तरीही २००६ साली शर्यतीच्या अंगाची झेडओ६ आवृत्ती केली, तेव्हा तिचं छप्पर पक्कंच ठेवलं होतं. २०१५ च्या झेडओ६ ला मात्र निघणारं छप्पर आलं, कारण तोवर खालचा अॅल्युमिनियमचा सांगाडाच पुरेसा ताठ झाला होता. २०२० च्या कॉर्वेटमध्ये इंजिन माणसांच्या पाठीमागं गेलं आणि साध्या कूपेचं छप्परसुद्धा सुरुवातीपासून निघणारंच होतं. थोडक्यात, जे छप्पर एकेकाळी घराच्या तुळईसारखं भार वाहत होतं, ते हळूहळू नुसता आडोसा झालं. पण त्यासाठी तो भार उचलणारं दुसरं कुणीतरी खाली तयार करावं लागलं.

छपराचं आणखी एक वागणं कोकणातल्या श्रोत्यांना समजावून सांगायची गरज नाही. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा घरोघरचे पत्रे उडाले. वारा पत्र्यांवर आदळून त्यांना खाली दाबत नाही, वर खेचतो. छपरावरून वारा जोरात सरकला की वरचा दाब उतरतो. आतली हवा तेवढ्याच दाबानं खालून रेटत राहते आणि पत्रा सुटतो. धावणाऱ्या गाडीच्या छपरावरही हेच चालू असतं, म्हणून कापडी छप्पर वेगात फुग्यासारखं फुगतं. निघणाऱ्या तुकड्याच्या खिट्ट्या, कडेची रबरं, चिकटवलेले सांधे या सगळ्यांना हा उपसा सतत सोसावा लागतो. २००५ आणि २००६ सालच्या काही कॉर्वेट गाड्यांत छपराचा पत्रा त्याच्या चौकटीला ज्या चिकट द्रव्यानं जोडला होता, ते सुटू शकतं असं आढळलं आणि त्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. म्हणून छपराची एखादी खिट्टीसुद्धा अर्धवट लागलेली असताना गाडी हलवायची नाही, हा अशा गाड्यांचा पहिला नियम आहे.

आता कानांविषयी. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की बाटली घुमते. गाडीला वर भोक पडलं की गाडीही अशीच घुमते. ठरावीक वेगाला आतली हवा धापा टाकल्यासारखी धड-धड करू लागते आणि कानांचे पडदे दाबल्यासारखे वाटतात. आपल्या साध्या गाडीतही मागची एकच काच खाली केली की हा अनुभव येतो; दुसरी काच थोडी उघडली की तो थांबतो. या घुमण्याखेरीज साधा वाऱ्याचा गोंगाट असतोच. २००९ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी उघड्या गाड्यांत चालकाच्या कानापाशी आवाज मोजला. ताशी ८० ते ११० किलोमीटरच्या वेगाला तो ८८ ते ९० डेसिबलपर्यंत गेला. कारखान्यातल्या कामगारांसाठी आठ तासांना ८५ डेसिबल ही मर्यादा मानतात आणि प्रत्येक तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे अशा गाडीतून सलग अडीच-तीन तासांचा प्रवास कानांना पुरे झाला. कानांचं नुकसान दुखत नाही, रक्त येत नाही, म्हणून ते कळत नाही. आणि गेलेलं ऐकणं परत येत नाही. ज्यांचं पोट आवाजावर आणि शब्दांवर चालतं त्यांना हे जास्त लागतं. रेडिओ ऐकणाऱ्या तुम्हालाही ते लागावं.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठं पोर्शे आणि कॉर्वेट? खरंय. पण छपराला खिडकी असलेल्या, सनरूफच्या गाड्या आता आपल्या गावागावांत आल्या आहेत. त्या भोकाच्या पुढच्या कडेला एक लहानशी पट्टी वर येते, ती हाच वारा वर ढकलून गाडीचं घुमणं कमी करण्यासाठी. मात्र लग्नाच्या वरातीत, सहलीत, द्रुतगती मार्गावरसुद्धा लहान मुलं त्या भोकातून कमरेपर्यंत बाहेर उभी दिसतात, आणि आई-बाप मोबाइलवर त्यांचं चित्रीकरण करत असतात. हे पाहिलं की पोटात गोळा येतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला कारसाठी ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. चालकानं एकदम ब्रेक दाबला तर गाडी थांबू लागते, पण पट्ट्याविना उभं असलेलं मूल त्याच वेगानं पुढं जात राहतं, आणि पुढं असते ती छपराची कड. स्पोर्ट्स कारवाल्यांनी डोक्यावरचं छप्पर काढायच्या आधी पाठीमागं पोलादी कमान उभी केली आणि पट्टा बांधून खाली बसले. आपण मात्र कमान नाही, पट्टा नाही, आणि मूल भोकाबाहेर!

तर छप्पर काढल्यानं काय होतं, याचं उत्तर असं. थांबलेल्या गाडीनं निघून शंभरचा वेग घ्यायला जो वेळ लागतो, त्यात फारसा फरक पडत नाही, कारण तेवढ्या वेगाला हवा अजून शिरजोर झालेली नसते. सर्वोच्च वेग मात्र उतरतो, पण तो वेग आपल्या कुठल्याच रस्त्यावर कामाचा नाही. पेट्रोल हमरस्त्यावर थोडं जास्त जातं. अंगाला जाणवतात ते सांगाड्याचा पीळ आणि कानांवरचा मारा, आणि हे दोन्ही विक्रीच्या पत्रकात छापलेले नसतात. एवढं देऊन माणसाला काय मिळतं? समुद्राकाठच्या रस्त्यावर, संध्याकाळी, ताशी ५० च्या वेगानं जाताना डोक्यावर मोकळं आभाळ मिळतं. तो सौदा वाईट आहे असं मी म्हणणार नाही; मीही तो आनंदानं करीन. फक्त तो वेगाचा सौदा नाही, हे ओळखून करावा. गाडी पूर्ण थांबवून तुकडा काढावा, जागेवर नीट बांधून ठेवावा, आणि मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी पुन्हा बसवावा. आणि सनरूफ असेल तर मुलांना आभाळ आतूनच, बसल्या जागेवरून, पट्टा लावून दाखवावं. तिथूनही ते तेवढंच निळं दिसतं.